मीटिंगमध्ये बोलताना सगळं लक्ष स्वतःच्या हातांकडेच जातं, काय करू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. वार्षिक मूल्यमापनात तुमच्या वरिष्ठांनी सांगितलं की तुमची देहबोली ‘बचावात्मक’ वाटते, आत्मविश्वास दिसत नाही. मग तुम्ही व्हिडिओ पाहिले, हाताची घडी घालायची सवय सोडली, आरशासमोर उभं राहून सराव केला. आता मीटिंगमध्ये बोलायला सुरुवात केली की हात कुठे ठेवू, कोणाकडे बघू, याच विचारात वाक्य अर्धवट राहतं. त्यातून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: संवादात ९३ टक्के वाटा देहबोलीचा असतो हे खरं का, ‘पॉवर पोझ’चा, म्हणजे आधी काही वेळ मुद्दाम ऐसपैस, रुबाबात उभं राहण्याचा उपयोग होतो का, आणि हे सगळं करताना आपण नाटक करतोय असं वाटतं त्याचं काय करायचं.

तुमच्या मजकुरातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही जाता जाता लिहिलंय, “पूर्वी निदान मुद्दा तरी पूर्ण मांडून व्हायचा.” म्हणजे मुद्दा मांडण्याची क्षमता तुमच्यात होती आणि आहे. त्या शेऱ्यानंतर बदललं ते लक्ष. पूर्वी ते विषयावर आणि समोरच्या माणसांवर होतं, आता स्वतःवर खिळलंय. मुलाखतींची आणि सादरीकरणांची तयारी करून घेणं हेच माझं काम आहे, आणि हा प्रकार मी सतत पाहते: माणूस देहबोली सुधारायला घेतो आणि काही आठवड्यांत पहिल्यापेक्षा जास्त अवघडलेला दिसायला लागतो. बोलताना विचार जुळवणं, शब्द निवडणं आणि समोरच्याचा प्रतिसाद टिपणं ही कामं एकाच वेळी चालू असतात. त्यात ‘हात बघ, खांदे बघ, नजर बघ’ अशी देखरेख घुसली की पहिला फटका बोलण्यालाच बसतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकते. तुमच्या वरिष्ठांनी नेमकं काय पाहिलं हे मला माहीत नाही आणि बहुधा तुम्हालाही नाही. ‘बचावात्मक’ हा निष्कर्ष आहे, निरीक्षण नाही. हाताची घडी घातलेला माणूस वैतागलेला असू शकतो, त्याला थंडी वाजत असू शकते, त्याच्या खुर्चीला हात नसतील किंवा त्याला तसं बसून नीट विचार करता येत असेल. एका हालचालीचा एकच अर्थ लावणारी कोष्टकं असतात, त्यांच्यावर माझा अजिबात विश्वास नाही. म्हणून वरिष्ठांना शांतपणे विचारा: “कोणत्या मीटिंगमध्ये, कोणत्या क्षणी तुम्हाला तसं वाटलं?” कदाचित उत्तर मिळेल, की एकाने तुमच्या आकड्यांवर शंका घेतली तेव्हा तुम्ही मागे सरकलात आणि उत्तर द्यायच्या आधीच कागद आवरायला लागलात. या माहितीवर काम करता येतं. ‘आत्मविश्वास वाढवा’ या सल्ल्यावर काहीच करता येत नाही.

शिवाय पाठीचं किंवा मानेचं दुखणं, हाताला मुळातच असलेला कंप, ऐकू कमी येणं, स्वमग्नतेमुळे (ऑटिझम) डोळ्यांत बघताना होणारा त्रास, अशी कारणं असतील तर माझा पुढचा बराचसा सल्ला तुम्हाला तसाच्या तसा लागू होणार नाही. अशा वेळी जवळच्या सहकाऱ्यांना सरळ सांगून टाकणं जास्त उपयोगी पडतं. “मी खाली बघून ऐकते तेव्हा माझं लक्ष असतंच” एवढं एक वाक्यही पुरतं.

आता तो ९३ टक्क्यांचा आकडा. तो आला आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या दोन छोट्या अभ्यासांतून. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले गेले. एका अभ्यासात तर ‘कदाचित’ अशा अर्थाचा एकच शब्द होता आणि त्याच्या जोडीला चेहऱ्यांचे फोटो. बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल आपुलकी वाटते की नावड, एवढंच ऐकणाऱ्यांनी ओळखायचं होतं. त्यावरून सूत्र निघालं: शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, चेहरा ५५ टक्के. हे सूत्र भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरतंच आहे, असं मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केलेलं आहे. शिवाय ते ५५ टक्के चेहऱ्याच्या फोटोंचे आहेत. तुम्ही ज्यांची चिंता करताय ते हात, खांदे, बसण्याची पद्धत त्या प्रयोगांत नव्हतीच. तुमच्या प्रकल्पाला उशीर का होतोय हे सांगताना ९३ टक्के अर्थ शरीरातून पोचत असता, तर अनोळखी भाषेतलं भाषणही आपल्याला जवळपास पूर्ण कळलं असतं.

त्या अभ्यासांतून घेण्यासारखं एक आहे. शब्द एक सांगत असतील आणि आवाज किंवा चेहरा दुसरंच सांगत असेल, तर लोक शब्दांवर कमी विश्वास ठेवतात. “मला काही हरकत नाही” हे वाक्य ओठ आवळून, नजर टाळून म्हटलं की ऐकणाऱ्याला हरकतच ऐकू येते. तेव्हा देहबोलीचं वेगळं प्रदर्शन करायची गरज नाही. ती तुमच्या मुद्द्याच्या विरुद्ध बोलत नाहीये ना, इतकंच पाहायचं. मीटिंगच्या बाबतीत मला हे पुरेसं वाटतं.

मग ती विरुद्ध कशी बोलायला लागते? इथे जरा थांबते, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं.

माझ्याकडे मुलाखतीच्या तयारीसाठी आलेला एक तरुण बोलताना फाइल छातीशी धरायचा. हात थरथरतात ते लोकांना दिसू नये म्हणून. आम्ही सराव मुलाखत रेकॉर्ड केली. ती बघण्याआधी मी त्याला विचारलं, “काय दिसेल असं तुला वाटतं?” तो म्हणाला, “हात लटपटताना दिसतील, चेहरा लालबुंद झालेला दिसेल, आवाज मध्येच चिरकेल.” हे सगळं त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि मग व्हिडिओ लावला, आधी आवाज बंद ठेवून. पडद्यावर हाताची थरथर दिसत नव्हती. दिसत होती ती फाइल. घट्ट धरल्यामुळे तिचा वरचा कोपरा लहान लहान झटक्यांनी हलत होता. अंगठा तो कोपरा दुमडत आणि सोडत होता, आणि प्रश्न विचारला गेला की त्याची नजर दर वेळी फाइलवर उतरत होती. जणू प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा फाइलमध्येच त्याला जास्त रस आहे. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मी घाबरलेला दिसतच नाहीये. मला यांच्याशी बोलायचंच नाही असं वाटतंय.”

त्याच्या या वाक्यात तुमच्या ‘बचावात्मक’ शेऱ्याचंही उत्तर असू शकतं. लोकांना आपली भीती फारशी दिसत नाही. भीती लपवण्यासाठी आपण जे करतो ते मात्र स्पष्ट दिसतं आणि त्याचा अर्थ भलताच लागतो. नजर टाळली की तुटकपणा वाटतो, हात आवळून बसलं की नाराजी वाटते, भराभर बोलून मोकळं झालं की समोरच्यांना मोजत नाही असं वाटतं.

पहिल्या भागाला, म्हणजे भीती फारशी दिसत नाही याला, संशोधनाचा चांगला आधार आहे. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की आपल्या मनातली खळबळ समोरच्याला जितकी कळते त्यापेक्षा खूप जास्त कळत असेल असं आपण धरून चालतो. केनेथ सविट्स्की आणि गिलोविच यांच्या २००३ च्या अभ्यासातला भाग मी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना सांगते. भाषण करण्याआधी काही जणांना फक्त ही माहिती दिली गेली, की तुमची अस्वस्थता तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. त्यांची भाषणं त्यांच्या स्वतःच्या मते आणि बघणाऱ्यांच्याही मते जास्त चांगली झाली. हातांचं काय करायचं याचा सराव त्यांनी केला नव्हता. लक्ष ठेवायचं ओझं हलकं झालं एवढंच.

दुसऱ्या भागाबद्दल डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची, म्हणजे चारचौघांत वावरताना वाटणाऱ्या भीतीची जी मांडणी केली, ती माझ्या कामाचा पाया आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर असं: भीती वाटली की माणूस आत वळतो. छातीतली धडधड, गरम झालेले कान, सुकलेला घसा या जाणिवांवरून तो स्वतःचं एक चित्र बनवतो आणि आपण लोकांना असेच दिसतोय असं मानतो. मग वाचण्यासाठी लहान लहान उपाय करतो: पेन घट्ट धरणं, वाक्य मनात घोकून मगच बोलणं, कोपऱ्यातली खुर्ची पकडणं. मीटिंग निभावते. पण ती निभावली याचं श्रेय त्या उपायांना जातं. “पेन धरलं म्हणून वाचले,” असं मन म्हणतं. पेन नसतं तरीही काही बिघडलं नसतं, हे कळायची संधीच मिळत नाही. शिवाय पेन आवळून धरलं की थरथर उलट वाढते.

शरीर आणि स्वतःविषयीचं मत यांचा संबंध मला इथे सगळ्यात पक्का वाटतो. डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाची एक जुनी मांडणी आहे: आपल्याला काय वाटतं हे आतून स्पष्ट नसेल, तर आपण स्वतःच्या वागण्याकडे त्रयस्थासारखं बघून ते ठरवतो. रोज कोपऱ्यात बसणारा माणूस काही काळाने ‘मी कोपऱ्यातलाच’ असं मानू लागतो. सवय आधी पडते, ओळख मागाहून बनते.

आता ‘पॉवर पोझ’. २०१० मध्ये डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप यांचा ४२ जणांवर केलेला अभ्यास आला. दोन मिनिटं ऐसपैस पवित्र्यात राहिल्याने वर्चस्वाशी जोडलं जाणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, ताणाशी जोडलं जाणारं कॉर्टिसॉल कमी होतं आणि माणूस जोखीम घ्यायला धजावतो, असा त्याचा दावा होता. २०१२ मधल्या एका भाषणामुळे तो जगभर पोचला. पण २०१५ मध्ये २०० जणांवर तसाच प्रयोग केला तेव्हा संप्रेरकांत तसा फरक आढळला नाही. आपल्यात जास्त ताकद आल्यासारखं वाटतं, एवढं मात्र लोकांनी सांगितलं. २०१६ मध्ये खुद्द कार्नी यांनी जाहीर केलं, की हा परिणाम खरा आहे असं त्यांना आता वाटत नाही. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा चित्र असं दिसलं, की फरक पडतो तो मुख्यतः आक्रसून न बसल्याने. साधं, मोकळं बसण्याच्या तुलनेत मुद्दाम छाती काढून उभं राहिल्याचा वेगळा फायदा फारसा दिसत नाही.

माझ्या अनुभवाशी हे जुळतं. मीटिंगआधी कोणी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहत असेल आणि त्याला बरं वाटत असेल, तर मी अडवत नाही. पण त्यावर मदार ठेवू नका. मीटिंगच्या आधीची दहा मिनिटं मान खाली घालून, खांदे पुढे काढून फोनमध्ये घालवू नका, हा सल्ला त्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

इथपर्यंतचा हिशेब असा: ९३ टक्के विसरा, पोझ ऐच्छिक समजा, आणि हात कुठे ठेवायचे यापेक्षा मी काय लपवते आहे हे शोधा. हा शोध कसा घ्यायचा ते सांगते.

स्वतःचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. एखाद्या सहकाऱ्याला किंवा मैत्रिणीला समोर बसवून कामाचाच विषय समजावून सांगा. आरसा नको. आरशासमोर बोलताना तुम्ही एकाच वेळी बोलणारेही असता आणि परीक्षकही, आणि तुमची अडचण नेमकी हीच आहे. व्हिडिओ बघण्याआधी काय काय वाईट दिसेल ते शक्य तितकं नेमकं लिहा. ‘वाईट दिसेन’ असं मोघम लिहू नका. ‘दर वाक्याला केस मागे सारेन’ असं लिहा. मग अनोळखी व्यक्तीकडे बघतोय अशा नजरेने व्हिडिओ बघा, एकदा आवाजाशिवाय आणि एकदा आवाजासह. बोलताना आत काय वाटत होतं ते आठवायचं नाही, पडद्यावर जे दिसतं तेवढंच धरायचं. लिहिलेल्यातलं बरंचसं पडद्यावर नसेल. जे असेल त्यातलं एकच निवडा.

ते एकच पुढच्या मीटिंगमध्ये सोडून बघा. पेन असेल तर पेन बाजूला ठेवा. घोकलेलं वाक्य असेल तर फक्त मुद्दा लिहून न्या आणि वाक्य तिथेच जुळवा. सगळं एकदम सोडायला गेलात तर पुन्हा स्वतःवरच पहारा सुरू होईल. आणि सोडण्याआधी स्वतःला विचारून ठेवा, “हे सोडलं तर काय होईल असं मला वाटतं?” मीटिंगनंतर ते झालं का ते पडताळा. भीतीला उत्तर मिळतं ते या पडताळणीतून, नुसत्या सरावातून मिळत नाही.

हातांबद्दल खास सांगायचं तर त्यांना कामावर राहू द्या. जन्मांध मुलंही बोलताना हातवारे करतात, समोर बसलेली व्यक्ती अंध असली तरी करतात, हे १९९८ च्या एका अभ्यासात दिसलंय. त्यांनी ते कोणाचं बघून उचललेलं नसतं. हातवारे फक्त दाखवण्यासाठी नसतात, विचार जुळवायलाही ते मदत करतात. हात बांधून ठेवले की जागा, आकार, हालचाल यांचं वर्णन करताना लोक जास्त अडखळतात, असंही प्रयोगांत आढळलंय. म्हणून बोटं एकमेकांत घट्ट गुंफून बसू नका. हात टेबलावर सैल ठेवले, की मुद्द्याला गरज लागेल तेव्हा ते आपोआप उठतात.

नजरेसाठी मी एकच सूचना देते: एक विचार एका माणसाला सांगा. मुद्दा पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे बघा, मग पुढचा मुद्दा दुसऱ्याला. आठवण्यासाठी किंवा शब्द शोधण्यासाठी नजर बाजूला गेली तर जाऊ द्या, विचार करताना सगळ्यांचीच जाते. मुख्य म्हणजे बघायचं ते बघण्यासाठी. त्याला कळलं का? भुवया आक्रसल्या का? मान हलली का? हे टिपायला लागलात की लक्ष आपोआप बाहेर वळतं, आणि बाहेर वळलेल्या माणसाची देहबोली सहसा ठीकच असते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मीटिंगमधला तुमचा बहुतेक वेळ ऐकण्यात जातो, आणि तुमच्याबद्दलचं मत त्या वेळातही बनत असतं. विचार करताना बऱ्याच जणांच्या कपाळाला आठी पडते आणि बोलणाऱ्याला ती नापसंती वाटते. तुमच्या बाबतीत हेही झालेलं असू शकतं. चेहऱ्यावर हसू चिकटवायची गरज नाही. शरीर बोलणाऱ्याच्या दिशेने वळवा, पटलं तिथे मान हलवा, आणि विचारात पडला असाल तर तसं बोलून दाखवा: “थांबा, मी या आकड्यावर विचार करते आहे.” आणि बोलायचं असेल तेव्हा वाट बघत मागे टेकून बसू नका. किंचित पुढे या, श्वास घ्या, हात थोडा उचला. बहुतेक लोकांना ही खूण कळते आणि जागा मिळते. ऑनलाइन बैठकीत ती दिसत नाही, तिथे नाव घेऊन मध्ये बोलणंच बरं.

आता खोटं वाटण्याबद्दल. जे वाटत नाही ते दाखवणं आणि जे आड येतंय ते बाजूला करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पटत नसताना उत्साह दाखवलात तर खोटं वाटेल, आणि वाटायलाच हवं. पण छातीशी धरलेली फाइल खाली ठेवण्यात काय खोटं आहे? तिथे जे वाटतं ते उघडं पडल्यासारखं वाटतं. नव्या सवयीचं अवघडलेपण आणि खोटेपणा आतून बरेच सारखे लागतात, म्हणून गल्लत होते. अवघडलेपण काही आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, तर ती सवय तुमच्यासाठी नाही असं समजून सोडून द्या.

एक सावधगिरी. हे सगळं शिकताना दुसऱ्यांची देहबोली ‘वाचायचा’ मोह होतो. आवरा. खरं-खोटं ओळखण्यावरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २००६ मध्ये झालं. लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाला, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरा. वरिष्ठांनी तुम्ही बोलताना घड्याळ पाहिलं, तर त्यांची पुढची बैठक असेल. शंका असेल तर विचारा, कल्पनेवर दिवस घालवू नका.

आणि शेवटी, तुम्ही मीटिंग टाळायला लागला असाल, आदल्या रात्री झोप उडत असेल, नंतर तासन् तास तेच ते घोळत असेल, तर हा विषय प्रशिक्षकाचा राहत नाही. बोधात्मक वर्तन उपचार (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत) करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जा. सामाजिक भीतीवर ही पद्धत चांगली लागू पडते आणि वर सांगितलेला व्हिडिओचा भाग तिथे आणखी नीट करून घेतात.

तोवर वरिष्ठांना तो प्रश्न विचारा आणि व्हिडिओ काढा. दोन्हींत काय निघालं ते लिहिलंत, तर आधी काय सोडायचं ते नेमकं सांगता येईल.